न उतरणारी कावीळ

गेल्या अंकांत आम्हीं दूषित पाण्यामुळें होणाऱ्या काविळीविषयीं चार शब्द लिहिले होते. पाणी उकळून प्यावें, उघड्यावरचे पदार्थ टाळावे, आणि विश्रांति व हलका आहार घेतल्यास अशी कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपली आपण ओसरते, असा त्या लेखाचा आशय होता. तो वाचून एका भगिनीनें विचारलें आहे कीं, घरांतील वयस्क माणसास ताप नाहीं, पोटांत दुखत नाहीं, तरी डोळे दिवसेंदिवस अधिकच पिवळे होत चालले आणि सर्वांगास खाज सुटली, तर तीही अशीच ओसरणारी कावीळ समजावी काय ?

प्रश्न फार महत्त्वाचा आहे व त्याचें उत्तर स्पष्टपणें ‘नाहीं’ असें आहे. अशा काविळीमागें अनेक कारणें असूं शकतात. वाटेंत अडकलेला पित्ताचा खडा हें त्यांपैकीं एक साधें कारण होय. परंतु पित्तनलिकेचा कर्करोग हेंही एक कारण आहे, आणि तो असल्यास वायां गेलेला आठवडा पुन्हां मिळत नाहीं. म्हणून या अंकीं त्या रोगाचा व त्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय अप्रिय आहे हें आम्ही जाणतों. तथापि जीं संकटें घरांत येण्यापूर्वीं समजून घेतलेलीं बरीं, त्यांत याची गणना केली पाहिजे.

प्रथम कावीळ म्हणजे काय तें पाहूं. कावीळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. रक्तांतील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे त्यांतून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य निघतें. यकृत तें उचलून पित्तांत सोडतें व पित्ताबरोबर तें आंतड्यांत जातें. मळास जो नेहमींचा रंग असतो तो याच द्रव्यापासून आलेला असतो. पाण्यामुळें होणाऱ्या काविळींत यकृत स्वतःच आजारी पडतें. दुसऱ्या प्रकारांत यकृत आपलें काम करीत असतें, पण पित्त बाहेर जाण्याची वाटच बंद होते. मग पित्त मागें फिरून रक्तांत मिसळतें, डोळे व कातडी पिवळी होते, लघवी गर्द होते, अंगास खाज सुटते, आणि आंतड्यांत रंग पोंचत नसल्यामुळें मळ पांढरट होतो.

हा भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. त्यांत कामलेचा एक प्रकार असा वर्णिला आहे कीं, कफानें पित्ताचा मार्ग अडतो व त्यामुळें रोग्याचा मळ तिलपिष्टासारखा, म्हणजे वाटलेल्या तिळांसारखा, दिसतो. संक्रांतीस तीळ कुटणाऱ्या घरांत ही उपमा कोणास समजावून सांगावी लागणार नाहीं. ‘कफ’ या शब्दाचा अर्थ आज आपण निराळा लावूं, परंतु मार्ग अडला म्हणून मळाचा रंग गेला, ही कार्यकारणाची सांखळी आजच्या वैद्यकानेंही तशीच ठेविली आहे. तेव्हां काविळीच्या रोग्याच्या मळाचा रंग कसा आहे, हा प्रश्न डॉक्टरांनीं विचारला तर तो ओंगळ समजून टाळूं नये. पुष्कळदां निदानाची पहिली किल्ली तेथेंच सांपडते.

आतां ही वाट कशी आहे तें पाहूं. आम्ही पैठणचे राहणारे, म्हणून दृष्टांत गोदावरीचाच सुचतो. यकृताच्या उजव्या व डाव्या भागांतून पित्ताचे असंख्य सूक्ष्म ओहोळ निघतात व त्यांच्या दोन नळ्या बनतात. प्रवरासंगमास प्रवरा जशी गोदेस मिळते तशा या दोन नळ्या यकृताच्या तोंडाशीं एकत्र होतात. थोडें खालीं पित्ताशयाकडून येणारी वाट त्यांस मिळते व तेथून पुढें तीस मुख्य पित्तनलिका म्हणतात. तिची रुंदी साधारणतः ६ मिलिमीटर, म्हणजे शिसपेन्सिलीहूनही कमी. ही नलिका स्वादुपिंडाच्या डोक्यांतून वाट काढीत जाते व लहान आंतड्याच्या आरंभीच्या भागांत उघडते. एवढ्याशा वाटेनें दिवसाकांठीं सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त वाहत असतें. जायकवाडीचे २७ दरवाजे लावले म्हणजे नाथसागराचें पाणी मागें किती दूरवर पसरतें तें आम्ही दरवर्षीं पाहतों. पित्ताला तर दरवाजा एकच आहे.

या नलिकेच्या आंतील अस्तरांत कर्करोग उद्भवूं शकतो. जागेप्रमाणें त्याचे तीन प्रकार मानितात : यकृताच्या आंतील बारीक नळ्यांत होणारा, दोन नळ्यांच्या संगमाशीं होणारा, आणि खालच्या भागीं, स्वादुपिंडाजवळ, होणारा. यांत संगमाशीं होणारा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. जेराल्ड क्लाट्स्किन या अमेरिकन वैद्यानें १९६५ सालीं अशा १३ रुग्णांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, त्यावरून त्यास क्लाट्स्किनची गांठ असेंही म्हणतात. ही गांठ पुष्कळदां फार मोठी नसते, परंतु जागा इतकी अडचणीची कीं, लहान असतांनाही ती दोन्ही वाटा बंद करते. यकृतास रक्त पुरविणाऱ्या मोठ्या शिरा तेथें अगदीं लगटून जातात, आणि शस्त्रक्रियेची सारी कठीणता त्या शेजारांत आहे.

हा रोग बहुतकरून साठीच्या पुढेंमागें होतो व एकंदरींत तो विरळा आहे. आपल्या देशांत गंगेच्या खोऱ्यांत पित्ताशयाचा कर्करोग बराच आढळतो. नलिकेचा त्या मानानें कमी. स्वादुपिंडाचा कर्करोग हाही याचा शेजारी. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचें १७ मार्च २०१९ रोजीं त्याच रोगानें निधन झालें, हें वाचकांस स्मरत असेल. पित्तनलिकेच्या रोगाचीं कांहीं कारणें ठाऊक झालीं आहेत. नलिकेचा दीर्घकाळ चालणारा दाह, यकृतांतील नळ्यांत वर्षानुवर्षें राहिलेले खडे, ‘ब’ व ‘क’ प्रकारची जुनाट यकृतदाहाची व्याधि, आणि जन्मतःच नलिका फुग्यासारखी फुगलेली असणें, हीं त्यांतील मुख्य होत. ईशान्य थायलंडांत कच्ची मासळी खाण्याची चाल आहे. तींतून यकृतांत शिरणाऱ्या एका चपट्या कृमीमुळें तेथें हा रोग फार मोठ्या प्रमाणांत होतो. परंतु बहुसंख्य रुग्णांत असें कोणतेंही कारण सांपडत नाहीं. सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या, सुपारीचें खांडही न खाणाऱ्या माणसास तो होऊं शकतो. तेव्हां रुग्णाच्या आहाराविहारांत दोष शोधीत बसणें व्यर्थ होय, आणि त्याच्यासमोर तसें बोलणें तर निर्दयपणाचें होय.

आतां आपल्याकडे डोळे पिवळे दिसतांच काय घडतें तें पहा. कोणी काविळीची माळ आणून गळ्यांत घालतो. ती लांबत लांबत खालीं सरकली म्हणजे कावीळ उतरली असें समजतात. कोणी चुन्याच्या पाण्यानें हात धुवून पिवळें पाणी दाखवितो. कोणी नाकांत कडू रसाचे थेंब सोडतो, तर कोणी मनगटावर डाग देतो. हें केवळ अडाणी लोकांतच चालतें असें म्हणण्याची सोय नाहीं. पदवीधर मुलगा वडिलांस मोटारींतून माळ घालणाऱ्याकडे घेऊन जातो हें आम्हीं पाहिलें आहे. याचें कारण उघड आहे. पाण्याची कावीळ आपली आपण बरी होते आणि श्रेय माळेस मिळतें. कावळा बसण्यास व फांदी तुटण्यास गांठ पडते त्यांतला हा प्रकार, काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. पण जेथें नलिकाच बंद झाली आहे तेथें माळ कितीही लांबली तरी वाट मोकळी होत नाहीं. एक महिना माळेंत जातो, दुसरा नाकांतील थेंबांत, तिसरा ‘घरचें लग्न उरकूं द्या, मग पाहूं’ यांत. तोंवर गांठ शिरेस जाऊन भिडते, आणि जी शस्त्रक्रिया प्रथम शक्य होती ती शक्य राहत नाहीं. आमच्या मतें या रोगाच्या बाबतींत कुटुंबाच्या हातून होणारें सर्वांत मोठें नुकसान हेंच आहे, आणि तें पूर्णपणें टाळतां येण्याजोगें आहे.

याकरितां पुढील खुणा प्रत्येक घरांत माहीत असाव्या. काविळीबरोबर मळ पांढरट होणें. सर्वांगास, विशेषतः रात्रीं, असह्य खाज सुटणें. अन्नावरची वासना उडून वजन घटणें. आणि पोटांत दुखत नसतांनाही कावीळ वाढतच जाणें. बासेलचे शस्त्रवैद्य कूर्व्होआझिए यांनीं १८९० सालीं आणखी एक खूण नमूद करून ठेविली. वेदनारहित काविळींत उजव्या बरगडीखालीं फुगलेलें पित्ताशय हातास लागत असेल, तर कारण खडा असण्याचा संभव कमी असतो. कारण खड्यांनीं जुनें दुखणें झालेलें पित्ताशय आकसून घट्ट होतें, तें सहसा फुगत नाहीं.

तपासणीचा आरंभ साधा आहे. रक्ताची तपासणी व पोटाची सोनोग्राफी. यकृतांतील नळ्या फुगल्या आहेत कीं नाहींत हें सोनोग्राफींत बहुधा लगेच समजतें, व ती तालुक्याच्या गांवींही होते. नळ्या फुगलेल्या दिसल्यास मग सी.टी. स्कॅन व एम.आर.सी.पी. या तपासण्या करितात. दुसऱ्या तपासणींत चुंबकाच्या साहाय्यानें पित्तमार्गाचा नकाशाच काढला जातो. येथें एक सूचना महत्त्वाची आहे. कावीळ लवकर उतरावी म्हणून नलिकेंत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसविण्याची घाई कधींकधीं होते. स्टेंट कधीं आवश्यकही असतो, विशेषतः ताप व थंडी असेल तेव्हां. परंतु तो बसविल्यानंतर चित्रें अस्पष्ट येतात व पित्तांत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून शक्य तेथें नकाशा आधीं काढावा व शस्त्रवैद्याचें मत घेऊन मग स्टेंटचा निर्णय करावा, असें जाणते सांगतात.

आतां शस्त्रक्रियेकडे वळूं. पोटाच्या या भागांत शस्त्र चालविण्याचें धाडस माणसानें फार अलीकडे केलें. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं पित्ताशय प्रथम काढलें. नलिकेच्या खालच्या टोकाशीं होणाऱ्या कर्करोगासाठीं स्वादुपिंडाचें डोकें व त्यास लागून असलेलें आंतडें काढण्याची शस्त्रक्रिया वाल्टर काउश यांनीं १९०९ सालीं जर्मनींत केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं ती सर्वमान्य केली व तिला त्यांचेंच नांव चिकटलें. त्या काळीं ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करीत, आणि त्यास एक कारण होतें. पित्तावांचून ‘के’ जीवनसत्त्व आंतड्यांतून शोषलें जात नाहीं व तें नसलें म्हणजे रक्त गोठत नाहीं. काविळीचा रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तस्रावानें दगावत असे. हेन्रिक डाम यांनीं ‘के’ जीवनसत्त्वाचा शोध लाविला व त्याबद्दल त्यांस एडवर्ड डॉइझी यांजबरोबर १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज शस्त्रक्रियेपूर्वीं त्याचें इंजेक्शन देतात व तो धोका पुष्कळ कमी झाला आहे. एका देशांतील रसायनशास्त्रज्ञाच्या शोधानें दुसऱ्या देशांतील शस्त्रवैद्याचा हात असा मोकळा झाला.

सुश्रुतानें शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले आहेत. याच क्रमानें या शस्त्रक्रियेचें वर्णन करूं.

पूर्वकर्मांत रुग्णाची शक्ति व हृदय-फुफ्फुसें तपासणें, पोषण सुधारणें आणि जरूर तर पित्तास तात्पुरती वाट करून देणें, या गोष्टी येतात. संगमाशीं असलेल्या रोगांत नलिकेबरोबर यकृताचा मोठा भाग काढावा लागतो. तेव्हां उरणारें यकृत पुरेल काय हा प्रश्न पडतो. निरोगी यकृताचा चौथा-तिसरा हिस्सा उरला तरी माणूस जगतो. काविळीनें शिणलेलें यकृत असल्यास सुमारें ४० टक्के उरावें असें धरितात. उरणारा भाग लहान असेल तर जो भाग काढावयाचा आहे त्याकडे जाणारी शीर आधीं आंतून बंद करितात. मग कांहीं आठवड्यांत दुसरा भाग आपोआप वाढतो. ही युक्ति जपानमधील मासातोशी माकुउची यांनीं १९८० च्या दशकांत याच रोगाकरितां पुढें आणली. यकृताचें हें पुन्हां वाढणें म्हणजे सृष्टीची मोठीच कृपा होय. अन्य कोणत्याही मोठ्या अवयवास ती इतक्या प्रमाणांत लाभलेली नाहीं.

प्रधानकर्म रोगाच्या जागेवर अवलंबून असतें. गांठ मधल्या भागीं व मर्यादित असेल तर पित्तनलिका, पित्ताशय व भोंवतालच्या लसीकाग्रंथी काढून भागतें, पण असे रुग्ण थोडे. संगमाशीं गांठ असेल तर त्यांबरोबर यकृताचा उजवा किंवा डावा भाग व मागील लहान खंडही काढितात, कारण त्या खंडाच्या नळ्या नेमक्या संगमाशींच उघडतात. गांठ खालच्या टोकाशीं असेल तर व्हिपलची शस्त्रक्रिया करितात. नलिका काढल्यावर पित्तास नवी वाट करून द्यावी लागते. त्याकरितां लहान आंतड्याची एक फांस वर आणून तीस यकृताकडील उरलेलें टोंक शिवतात. ही जोडणी इंग्रजी ‘वाय्’ अक्षरासारखी असते व ती स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांच्या नांवानें ओळखली जाते. शिवण अत्यंत बारीक दोऱ्यानें घालावी लागते. सहा-आठ तास, क्वचित् त्याहूनही अधिक वेळ लागतो.

शस्त्रक्रिया चालू असतांनाच कापलेल्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. कडेवर रोग नसला तरच काम शुद्ध झालें असें म्हणतां येतें. आमच्या पैठणच्या नाथमहाराजांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांतील अपपाठ काढतांना एक शब्द ठेवला असता तरी पुढील प्रतींतून तो वाढत गेला असता. रोगाच्या कडेचेंही तसेंच आहे. तेथें थोडें मागें राहिलें तर पुढें तें वाढतें.

पश्चात्कर्मांत पहिले दोन-तीन आठवडे जपण्याचे असतात. शिवणींतून पित्त झिरपणें, जंतुसंसर्ग, उरलेलें यकृत कमी पडणें, हे मुख्य धोके. व्हिपलच्या शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंडाचा रस झिरपूं शकतो, व कांहींस पुढें मधुमेह होतो किंवा अन्न पचावें म्हणून पाचकद्रव्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात. घरीं आल्यावर दोन वेळां भरपेट जेवण्याऐवजीं पांच-सहा वेळां थोडथोडें खावें. आणि एक गोष्ट घरांतील सर्वांनीं लक्षांत ठेवावी : पुढें केव्हांही थंडी वाजून ताप आला व डोळे पिवळे झाले, तर तो साधा हिंवताप समजून घरीं काढे देत बसूं नये. नव्या पित्तमार्गांत जंतु शिरल्याचें तें लक्षण असूं शकतें व त्यास त्याच दिवशीं रुग्णालय पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने कॅपेसिटाबिन नांवाच्या गोळ्या देण्याची रीत आतां पडली आहे. इंग्लंडमध्यें ४४७ रुग्णांवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत या गोळ्या घेणाऱ्यांचें मध्यम आयुर्मान ५१ महिने व न घेणाऱ्यांचें ३६ महिने भरलें. गणिताच्या काटेकोर कसोटीस हा फरक पुरता उतरला नाहीं, तरी दिशा स्पष्ट असल्यामुळें वैद्यांनीं तो उपचार स्वीकारला.

येथें वाचक विचारतील कीं, एवढें करून यश किती ? आंकडे लपवून ठेवण्यांत हित नाहीं. रोग कळतो तेव्हां बहुसंख्य रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन रोग निःशेष निघतो त्यांपैकीं शंभरांत सुमारें वीस ते चाळीस पांच वर्षांनंतर हयात असतात. शस्त्रक्रियेंतील धोकाही लहान नाहीं. व्हिपलच्या शस्त्रक्रियेंत, नित्य तें काम करणाऱ्या ठिकाणीं, शंभरांत पांचांहून कमी दगावतात. संगमावरील शस्त्रक्रियेंत हें प्रमाण पांचपासून पंधरापर्यंत आढळतें. उलट कांहीं न केल्यास रोग आपली वाट चालतच राहतो.

अशा पेंचाचा विचार सुश्रुतानें केला आहे. मूतखड्याच्या शस्त्रकर्माच्या प्रसंगीं तो सांगतो कीं, न केल्यास मृत्यु निश्चित आहे व केल्यास संशय आहे ; म्हणून अधिकारी व्यक्तीची अनुज्ञा घेऊन तें करावें. निश्चित व संशयित यांतील हा विवेक आजच्या संमतिपत्राच्या मुळाशींही आहे. फरक इतकाच कीं, त्या काळीं अनुज्ञा धन्याची घेत, आज ती रुग्णाची स्वतःची घ्यावी लागते.

आणि येथेंच एकत्र कुटुंबाची कसोटी लागते. आपल्या घरांत वडील माणसास रोगाचें नांव न सांगण्याची चाल आहे. ‘पित्ताचा खडा आहे, काढून टाकूं,’ असें सांगून त्यांस रुग्णालयांत नेतात. हेतु प्रेमाचा असतो यांत शंका नाहीं. परंतु ज्यानें चाळीस वर्षें घराचा कारभार पाहिला, मुलींचीं लग्नें केलीं, शेतीचे व्यवहार केले, त्याच्या स्वतःच्या देहाविषयींचा निर्णय त्यास वगळून घ्यावा, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. खडा म्हणून गेलेला माणूस सहा-आठ तासांच्या शस्त्रक्रियेनंतर सर्वांगास नळ्या लागलेल्या स्थितींत जागा होतो, तेव्हां त्याच्या मनांत घरच्यांविषयीं पहिला अविश्वास उत्पन्न होतो, व पुढील उपचारांत त्याचें सहकार्य मिळत नाहीं. उलट, ज्यास सत्य ठाऊक आहे तो आपले कागदपत्र नीट करतो, कोणास भेटावयाचें तें भेटतो, आणि ‘मला हें करावयाचें आहे’ किंवा ‘मला हें नको’ असें सांगूं शकतो. ऐंशी वर्षांच्या आजोबांनीं सर्व ऐकून शस्त्रक्रिया नको म्हटलें तर तोही एक निर्णय आहे व त्याचा मान राखला पाहिजे. सत्य एका दमांत सांगावें असें नाहीं. किती ऐकावयाचें तें रुग्णच आपल्या प्रश्नांतून सुचवितो. त्याच्या प्रश्नास खोटें उत्तर देऊं नये, एवढा नियम पाळला तरी पुरे.

एकत्र कुटुंबाचा लाभही येथें मोठा आहे. रुग्णालयांत आळीपाळीनें बसण्यास माणसें असतात, रक्त देण्यास तरुण असतात, पथ्याचें अन्न करण्यास हात असतात. मात्र डॉक्टरांशीं बोलण्यास एकच जबाबदार व्यक्ति नेमावी. पांच भावांनीं पांच वेळां तोच प्रश्न विचारून पांच निरनिराळे अर्थ लावले म्हणजे घोटाळा होतो. आणि ज्या सुनेनें किंवा लेकीनें रात्रंदिवस शुश्रूषा करावयाची असते, तिला सल्ल्याच्या वेळीं स्वयंपाकघरांत ठेवूं नये. रुग्ण किती खातो, किती झोंपतो, हें तिलाच ठाऊक असतें.

‘शस्त्र लागलें कीं कर्करोग पसरतो,’ ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. तिचा उगम असा कीं, पूर्वीं पोट उघडल्यावर रोग फार पसरलेला आढळे, पोट तसेंच शिवून टाकीत व रुग्ण लवकरच दगावे. दोष शस्त्राकडे जाई. वस्तुतः रोग आधींच पसरलेला असे. आतां चित्रांच्या साहाय्यानें ही गोष्ट पुष्कळशी आधींच समजते. या रोगांत आज पूर्ण बरें होण्याची खरी आशा रोग समूळ काढण्यांतच आहे. संगमावरील लहान पण काढतां न येणाऱ्या गांठींत, निवडक रुग्णांवर, औषधें व किरण यांच्यानंतर यकृतारोपणही कांहीं ठिकाणीं करितात, पण तो मार्ग फार थोड्यांचा.

कोठें जावें ? ही शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयांत करण्यासारखी नाहीं. जेथें यकृत, पित्तनलिका व स्वादुपिंड यांचें काम वारंवार होतें तेथेंच ती करावी. आपण वर्षास अशा किती शस्त्रक्रिया करितां, असा प्रश्न शस्त्रवैद्यास विचारण्यांत अनादर नाहीं. पैठणहून सुमारें ५० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर येथें, १९५६ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपण त्यास ‘घाटी’ म्हणतों. त्याच्याशीं संलग्न असें शासकीय कर्करोग रुग्णालय तेथें २०१२ सालीं सुरू झालें. पहिला सल्ला व तपासण्या यांसाठीं तेथें जाण्यास विलंब करूं नये. मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालेलें टाटा स्मारक रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. पित्तमार्ग व स्वादुपिंड यांच्या शस्त्रक्रियेंत मराठी माणसांनीं मोठें नांव मिळविलें आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचें ‘…आणि दोन हात’ हें आत्मकथन ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें. खर्चाच्या बाबतींत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं एका कुटुंबास वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय शासनानें २०२३ सालीं घेतला. आपण तिला पात्र आहों कीं नाहीं हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास पहिल्याच दिवशीं विचारावें. शेत गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर.

ज्यांची शस्त्रक्रिया शक्य नाहीं त्यांस वाऱ्यावर सोडावें असा अर्थ कोणी काढूं नये. स्टेंट बसवून पित्तास वाट करून दिली म्हणजे खाज थांबते, भूक लागते, झोंप येते. हांबुर्गच्या निब सोहेंद्रा यांनीं १९७९ सालीं असा स्टेंट प्रथम बसविला, त्यापूर्वीं एवढ्यासाठींही पोट उघडावें लागे. जेमसिटाबिन व सिस्प्लाटिन हीं दोन औषधें मिळून दिल्यास एकट्या जेमसिटाबिनपेक्षां आयुष्य वाढतें असें २०१० सालच्या परीक्षणांत सिद्ध झालें : मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेलें. साडेतीन महिने म्हणजे फार नव्हे असें आंकड्यांकडे पाहून वाटेल. पण ज्या घरांत तेवढ्यांत एखादी नाथषष्ठी आजोबांसह पार पडते, त्या घरास तसें वाटत नाहीं. वेदना असल्यास मॉर्फिन देण्यास भिऊं नये. वैद्याच्या देखरेखीखालीं दिलेल्या मॉर्फिननें रुग्ण व्यसनी होत नाहीं, तो स्वस्थ झोंपतो.

सारांश, भगिनीच्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच कीं, वयस्क माणसाची, न दुखणारी व वाढत जाणारी कावीळ दिसली तर त्याच आठवड्यांत रक्ततपासणी व सोनोग्राफी करावी. नळ्या फुगलेल्या आढळल्यास या कामांत मुरलेल्या शस्त्रवैद्यास दाखवावें, रुग्णास विचारांत घ्यावें, आणि मग काय तें ठरवावें. पुष्कळदां खडाच निघेल व सर्वांचा जीव भांड्यांत पडेल. तसें झालें तर सोनोग्राफीचे पैसे फुकट गेले असें कोणीही समजूं नये.

पुढील अंकीं पित्ताचे खडे कसे होतात व केव्हां काढावे, याविषयीं लिहिण्याचा आमचा मानस आहे.